डावा खांदा अर्धा इंच खाली

मास्तरांनी एकतीस वर्षांत जेवढ्या पोलिसांना हात वर करायला लावले, तेवढ्यांना लावणं एखाद्या नामचीन गुंडालाही जमलं नसेल. "हात वर. असे नाही, जरा बाजूला. आता वळा. पाय फाकवा. श्वास सोडा साहेब, पोट आत ओढून काय उपयोग, विजार तुम्हालाच घालायचीय." एवढं म्हटलं की ज्यांच्या नुसत्या शिट्टीने चौक गप्प व्हायचा, ते दुकानाच्या मधोमध शहाण्या मुलासारखे उभे राहायचे.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. पोलीस ठाण्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं दहा बाय चौदाचं दुकान. एक मशीन त्यांचं, एक बायकोचं. कापायचं टेबल, कोपरा फुटलेला उभा आरसा, आणि खिडकीखाली एक स्टूल. त्या स्टुलावर शाळा सुटल्यापासून लेक कामावरून येईपर्यंत सहा वर्षांची नात बसायची. ठाण्यातल्या एकवीस जणांचे गणवेश या दुकानातून जायचे. काजं-बटणं बायकोची, बाकी सगळं मास्तरांचं.

मास्तरांना एक खोड होती. त्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. खरं तर ते चेहऱ्याकडे बघतच नसत. गळपट्टीच्या वर काय आहे, याच्याशी शिंप्याला काय देणंघेणं? रस्त्यात कुणी नमस्कार केला की ते आधी त्याचे खांदे बघायचे आणि मग ओळख द्यायचे. बायको अजून टोमणा मारायची, "मला पहिल्यांदा बघायला आलात, तेव्हा माझ्याकडे बघितलंत की माझ्या बाह्यांकडे?" मास्तर खोटं बोलत नसत. म्हणायचे, "एक बाही पाऊण इंच आखूड होती."

त्यामुळे त्यांच्या मापाच्या वहीत नावं नव्हतीच. प्रत्येक गिऱ्हाईक अंगलटीवरून नोंदलेलं. एक 'लांब हात', एक 'मान नाही', एक 'फुगीर'. ठाण्याचे मोठे साहेब छातीला आणि कमरेला सारखेच भरत, म्हणून ते 'पिंप'. आणि एक हवालदार 'डावा खांदा', कारण त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली होता. त्याच्या शर्टात मास्तर डाव्या बाजूला आतून कापडाची घडी घालून खांदा उचलून द्यायचे. ही वही बाहेरचं कुणी कधी वाचेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तर एका मंगळवारी दुपारी सहा गणवेश इस्त्री करून, मोठ्या पिशवीत घालून मास्तर निघाले. वाटेत नातीला शाळेतून घेतलं. ऊन मी म्हणत होतं, म्हणून टकलावर टोपी चढवली होती. ठाण्याच्या अलीकडच्या कोपऱ्यावर एक हात आडवा आला.

"ए, थांब. पिशवीत काय आहे?"

"गणवेश आहेत साहेब."

"कुणाचे?"

"तुमचेच."

उत्तर अगदी बरोबर होतं. पण बरोबर उत्तर कधी द्यावं, हेही कळावं लागतं. आडव्या हाताला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

"पोलिसाचे कपडे घेऊन फिरतोस? भिंतीकडे तोंड कर. हात वर."

मास्तरांनी हात वर केले. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलेली गोष्ट स्वतः करताना त्यांना कळलं, की हात वर करून उभं राहिलं की माणूस फार उघडा पडतो. खिशांतून खडू, टेप, अंगुस्तान निघालं. टाचण्यांची डबी निघाली आणि तिने हवालदाराच्या बोटाचा चावा घेतला, तसा त्याचा आवाज आणखी चढला. पिशवी रस्त्यावर पालथी झाली. सहा कडक इस्त्रीचे शर्ट धुळीत पडले, आणि त्यातला एक खुद्द त्या हवालदाराचा होता. त्याने तो पायाने बाजूला सारला.

मास्तरांनी मान वळवून पाहिलं. छातीवर नावाची पट्टी नव्हती, जरी तिच्यासाठीची दोन भोकं मास्तरांनी स्वतः करून दिली होती. पण पट्टी कशाला हवी? डावा खांदा त्यांनी लगेच ओळखला. घडी त्यांच्याच हातची होती. हवालदाराने मात्र त्यांना ओळखलं नाही. त्याचाही दोष नाही म्हणा. माप घेताना वाकलेल्या मास्तरांचं टक्कलच तेवढं त्याने आजवर पाहिलं होतं, आणि त्या दिवशी ते नेमकं टोपीखाली होतं.

आठ-दहा माणसं जमली. त्यात इस्त्रीवाला होता, नातीच्या वर्गशिक्षिका होत्या. कोण होता, काय सापडलं, अशी कुजबुज झाली. काहीच सापडलं नाही तसा हवालदार म्हणाला, "जा." एवढंच.

मास्तर वाकून शर्ट गोळा करू लागले. नात एक बाही धरून उभी होती. "आजोबा, तुम्ही काय केलंत?"

"काही नाही गं."

"मग हात वर का करायला लावले?"

"माप घेत होते," मास्तर म्हणाले. जन्मात पहिल्यांदा ते मापाबद्दल खोटं बोलले.

नातीने थोडा विचार केला. "पण टेप तर खाली पडली होती."

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या चारही बाहुल्या भिंतीकडे तोंड करून, हात वर करून उभ्या केल्या. मास्तरांनी ते पाहिलं आणि जेवता जेवता ताट बाजूला सारलं. शर्ट धुता येतात, पुन्हा इस्त्री करता येते. पण पोरीच्या डोक्यात आता कायमचं बसलं होतं, की आजोबांनी काहीतरी केलंय आणि ते सांगत नाहीत. त्यांना शरम वाटत होती, आणि शरम वाटतेय याचा रागही येत होता. त्यांना नुकसानभरपाई नको होती, कुणाची नोकरी जायलाही नको होती. ज्यांनी हात वर करायला लावले, त्यांनी एकदा त्या पोरीला कळेल असं सांगावं, की मास्तरांनी काहीही केलं नव्हतं. बस्स.

आता इथे मेहुणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ एका कचेरीत आवक-जावक टेबलावर आयुष्य घालवून निवृत्त झाला होता, आणि सारं गाव त्याला अर्जबहाद्दर म्हणायचं. रस्त्यावरच्या दिव्यांपासून टपालाच्या पेटीच्या रंगापर्यंत त्याने सगळ्याबद्दल अर्ज केले होते. बँकेतल्या पेनाची दोरी फार आखूड आहे, या अर्जावर त्याला साडेतीन वर्षांनी न्याय मिळाला होता. दोरी वीतभर वाढली. तेव्हापासून त्याचा व्यवस्थेवर गाढ विश्वास होता.

"भाऊजी, हे घ्या," म्हणत त्याने एक पुस्तिका टेबलावर ठेवली. 'झडती आणि तुमचे हक्क'. मुखपृष्ठावर ओला गोल डाग होता, कारण ती ठाण्यातच, पाण्याच्या माठाखाली सापडली होती. खात्यानेच छापलेली. आत लिहिलं होतं की कुणालाही अडवलं, तर पोलिसाने चार गोष्टी केल्याच पाहिजेत. आपलं नाव आणि ठाणं सांगायचं. का अडवलं ते सांगायचं. काय शोधतोय ते सांगायचं. आणि झाल्यावर झडतीची चिठ्ठी द्यायची.

मास्तरांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "यातलं एकही झालं नाही."

"चारही विषयांत नापास!" मेहुण्याचा चेहरा आनंदाने उजळला.

तक्रार कक्ष ठाण्याच्या आतच होता. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्यालाच विचारून आत जायचं. आठवड्यातून दोन दिवस, अकरा ते एक. कारकुनाने मान वर न करता हात पुढे केला. "झडतीची चिठ्ठी जोडा."

"चिठ्ठी दिली नाही, हीच तक्रार आहे," मास्तर म्हणाले.

"चिठ्ठी नाही, मग झडती झाली कशावरून?"

"चिठ्ठी दिली असती तर तक्रार कशाला केली असती?"

"मग चिठ्ठी मिळाली नाही, अशी चिठ्ठी आणा."

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून घरी गेला असता. पण मेहुणा आवक-जावकमध्ये मुरलेला. त्याने तिथेच एका कागदावर लिहिलं, 'चिठ्ठी मिळाली नाही', आणि कारकुनासमोर सरकवला. समोर कागद आला की शिक्का मारायचा, हे कारकुनाच्या हाडामांसात भिनलेलं. धाडकन शिक्का बसला. आता चिठ्ठी न मिळाल्याची चिठ्ठी मिळाली होती.

मग अर्ज भरायला घेतला. 'अधिकाऱ्याचे नाव' या रकान्यात मास्तरांनी लिहिलं, 'डावा खांदा'. 'वर्णन' या रकान्यात लिहिलं, 'छाती बेचाळीस, कंबर चव्वेचाळीस, बाही चोवीस, डावा खांदा अर्धा इंच खाली, पाठीला किंचित पोक'.

मेहुण्याने वाचलं आणि हताश झाला. "भाऊजी, चेहरा लिहा, चेहरा! नाक कसं होतं?"

"नाक मला काय माहीत? नाकाला शिलाई नसते."

"आणि खरं नाव?"

"तेही माहीत नाही. पण माप चुकलं असेल तर कात्री सोडून देईन."

पंचेचाळीस दिवसांनी उत्तर आलं. 'आपल्या अर्जातील वर्णनाचा एकही कर्मचारी या ठाण्यात नाही. वार्षिक तंदुरुस्ती तपासणीनुसार सर्व एकवीस कर्मचाऱ्यांची कंबर छत्तीस इंच किंवा त्याहून कमी आहे. सबब तक्रार निकाली.'

मास्तरांनी ते वाचलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अडवलं नाही म्हणाले असते, तर एकवेळ चाललं असतं. पण छत्तीस! त्यांच्या टेपला कुणी आजवर खोटं म्हटलं नव्हतं. "छत्तीस?" ते बायकोला म्हणाले. "अगं, छत्तिसात त्यांचा एकेक पायच जाईल."

"मग दाखवा की त्यांना वही," बायको दोरा तोडत म्हणाली.

वरच्या कचेरीकडे अपील गेलं. सोबत मापाच्या वहीचा उतारा, तारीखवार. खरं तर 'डावा खांदा' हे एकच पान पुरलं असतं. पण पुरावा कमी पडायला नको, म्हणून मेहुण्याने सगळी एकवीस पानं जोडली. 'फुगीर', सेहेचाळीस. 'मान नाही', त्रेचाळीस. 'पिंप', पन्नास. हे सगळं प्रत्येक पानावर शिक्का मारून वरच्या साहेबांच्या टेबलावर पोचलं.

वरच्या कचेरीला झडतीशी काही देणंघेणं नव्हतं. एका म्हाताऱ्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, यात त्यांना वावगं दिसलं नाही. पण कागदावर छत्तीस आणि कमरेला चव्वेचाळीस, म्हणजे आठ इंचांची अफरातफर! हुकूम सुटला की येत्या शुक्रवारी टेप घेऊन तपासणी होईल. दुसऱ्या दिवसापासून सगळं ठाणं पहाटे मैदानावर धावायला लागलं. तक्रार एकाने केली आणि धाप एकवीस जणांना लागली. दोघे चक्कर येऊन पडले. चौकातल्या भुरट्या चोरांचीही पंचाईत झाली, कारण सकाळी सकाळी पोलीस पळताना दिसले की आपल्याच मागे आहेत असं समजून तेही पळायचे.

सोमवारी मोठे साहेब स्वतः दुकानात आले. आधी आरशासमोर उभे राहिले, मग आडवे वळून पाहिलं.

"मास्तर, मी पिंप?"

"नाही, म्हणजे साहेब..." मास्तरांनी गळ्यातली टेप सारखी केली. "छाती आणि कंबर सारखी भरली की आमच्यात तसं लिहितात. त्यात वाईट काही नाही. पिंपाला शिवायला सोपं असतं."

साहेबांनी ते मनावर घेतलं नाही, किंवा फारच घेतलं. स्टुलावर बसत म्हणाले, "तक्रार मागे घ्या. वही चुकीची आहे असं लिहून द्या. नाहीतर पुढच्या वर्षीपासून गणवेश दुसरीकडे शिवले जातील."

बायकोचं मशीन थांबलं. दुकानाचं बारा आणे काम ठाण्याचं होतं, हे तिघांनाही माहीत होतं.

मास्तरांनी टेपची गुंडाळी केली आणि म्हणाले, "वही चुकीची आहे असं नाही लिहिणार. पण तक्रार घेतो मागे. एका ओळीवर. 'मास्तरांनी काहीही केलं नव्हतं' एवढं लिहून द्या. खाली सही."

साहेबांना खरोखर वाईट वाटलं. "हे कसं देता येईल? तुम्ही काही केलं नव्हतं असं लिहिलं, तर तुम्हाला अडवलं होतं हे कबूल केल्यासारखं होतं. आणि नोंदवहीप्रमाणे तुम्हाला अडवलेलंच नाही. अडवलेलंच नाही, तर निर्दोष कसं ठरवणार?" मग मन मोठं करून म्हणाले, "फार तर असं देतो, की 'सदर घटना घडलेली नाही आणि ती पुन्हा घडणार नाही.'"

"हे मी सहा वर्षांच्या पोरीला कसं समजावू साहेब?"

"समजावू नका. फाईलला लावा."

साहेब गेले. मास्तरांनी बायकोकडे न बघताच विचारलं, "चुकलं का गं माझं?"

"काम गेलं तर शाळेचे गणवेश शिवू," ती म्हणाली. "तिच्या बाहुल्या अजून भिंतीकडे तोंड करून आहेत. मी दोनदा वळवल्या, तिने दोनदा परत फिरवल्या." आणि तिने मशीन सुरू केलं.

बुधवारी दुपारी दारात सावली पडली. मास्तरांनी वर पाहिलं. खांदे पाहिले. डावा अर्धा इंच खाली.

या वेळी छातीवर नावाची पट्टी होती. हातात पिशवी होती, आणि तिच्यात धावताना मागून उसवलेली विजार आणि खांद्यात उसवलेला शर्ट. हवालदार दारातच घुटमळला. "मास्तर, परवा तपासणी आहे. पलीकडच्या शिंप्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, हा शर्ट ज्याने शिवला त्यानेच हात लावावा, मला खांदा जमणार नाही."

बायकोने मशीन थांबवलं. कोपऱ्यात नवा अर्ज लिहीत बसलेल्या मेहुण्याने पेन थांबवलं. स्टुलावर नात जोडाक्षरं गिरवत होती, तिनेही मान वर केली.

'बाहेर हो' म्हणणं अगदी सोपं होतं. मास्तरांच्या ओठांवर आलंही होतं. पण त्यांनी फळीवरची डाग पडलेली पुस्तिका काढून टेबलावर उघडली, चष्मा पुसला आणि गिऱ्हाइकाचा चेहरा पाहिला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. पस्तिशीचा, दमलेला, हनुवटीवर दाढी करताना कापलेलं. अगदीच साधा चेहरा निघाला. मास्तरांना उगाचच वाटत आलं होतं, की तो फार क्रूर असेल.

मग त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं आणि दुकानाचा पत्ता सांगितला.

"माहीत आहे मास्तर," हवालदार गोंधळून म्हणाला.

"माहीत असलं तरी सांगायचं असतं. मी तुमचं माप घेणार आहे. कारण तुमची विजार आणि शर्ट उसवले आहेत. कंबर, मांडी आणि खांदा एवढंच बघेन. खिशात हात घालणार नाही. झाल्यावर चिठ्ठी देईन. मान्य असेल तर हात वर करा."

हवालदाराने टेबलावरची पुस्तिका पाहिली. मग त्याची नजर मास्तरांच्या टकलावर गेली आणि तिथेच थांबली. त्याचे कान लाल झाले. हळूहळू त्याने हात वर केले.

"आजोबा," नात म्हणाली, "हे तेच काका आहेत." पोरं चेहऱ्याकडेच बघतात.

"हो."

"त्यांनी काय केलं?"

मास्तरांच्या हातात टेप होती, टेपमध्ये हवालदाराची कंबर होती, आणि दार सताड उघडं होतं. समोरचा इस्त्रीवाला मान लांब करून बघत होता. त्या क्षणी मास्तर काहीही बोलू शकले असते, आणि ते गल्लीभर झालं असतं.

"काही नाही बाळ. त्यांनी काहीच केलेलं नाही. माप घेतोय."

नातीने नीट पाहून घेतलं. "हां. टेप आहे."

"पंचेचाळीस," मास्तर म्हणाले. बायकोने वहीत लिहिलं.

हवालदार आरशाकडे बघत उभा होता. हात तसेच वर. आरशातूनच तो नातीला म्हणाला, "तुझ्या आजोबांनीपण काही केलं नव्हतं. मला वाटलं, कुणीतरी गणवेश चोरून नेतंय. आधी विचारायला हवं होतं. ते नाही विचारलं."

"लेखी!" मेहुणा खुर्चीवरून उडालाच. "हेच लेखी द्या!"

"तू गप्प बस रे," बायको म्हणाली.

पण हवालदाराने हात खाली घेतले आणि टेबलावरची पेन्सिल उचलली. बायकोसमोर वही उघडीच होती. 'डावा खांदा' हे वाचून त्याने स्वतःच्या खांद्याकडे एकदा पाहिलं. शेऱ्याच्या रकान्यात, कमरेच्या पंचेचाळीस इंचांशेजारी, त्याने एक ओळ लिहिली. खाली नाव, क्रमांक, त्या मंगळवारची तारीख आणि सही.

"साहेबांना कळलं तर?" मास्तरांनी विचारलं.

"कळेल. हे पानही जाईलच की वर," मेहुण्याकडे बघत हवालदार म्हणाला. मेहुण्याने मान खाली घातली, पण कोऱ्या कागदावर त्याने नक्कल उतरवायला घेतलीसुद्धा होती.

मास्तरांनी वही स्टुलापाशी नेली. नातीने ओळीखाली बोट ठेवलं. "मा-स्त-रां-नी का-ही-ही के-लं न-व्ह-तं." जोडाक्षरापाशी ती दोनदा अडखळली, म्हणून तिने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

मग नातीने मान वर करून हवालदाराकडे पाहिलं.

"मग त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

हवालदाराचे खाली आलेले हात, कुणी न सांगता, परत थोडे वर गेले.

"खाली घ्या साहेब," मास्तर म्हणाले. "माप झालं."